क्लॉडिया जोन्स आणि जानेवारीतला कार्निव्हल

दिवाळी अंकासाठी संपादकांचा फोन आला की मी आपली एखादी पाककृती पाठवून मोकळी होते. यंदा मात्र पाककृती नाही. यंदा एका बाईची गोष्ट सांगायची आहे. ती मराठी नव्हती, भारतीयही नव्हती. पण परक्या देशात भाड्याच्या हॉलमध्ये आपला सण का करायचा, हे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

निमित्त झालं मंडळाच्या मीटिंगचं. गणपतीच्या हॉलचं भाडं पुन्हा वाढलं, हा विषय निघाला. कुणी म्हणालं, एकच दिवस करू. कुणी म्हणालं, आता घरोघरी गणपती बसतात, देवळं झालीत, मुलं तर येतच नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? मला उत्तर सुचलं नाही. वडे खाऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी लंच अवरमध्ये हे सगळं ऑफिसातल्या त्रिनिदादच्या मैत्रिणीला सांगितलं. आमचं देणंघेणं जुनं. दिवाळीत मी तिला फराळाचा डबा देते, ख्रिसमसला ती मला रममध्ये मुरवलेल्या फळांचा काळा केक देते. ती हसली आणि म्हणाली की त्यांचा लंडनमधला पहिला कार्निव्हलही भाड्याच्या हॉलमध्येच झाला होता, तोही ऐन जानेवारीत. आणि तो क्लॉडिया जोन्स नावाच्या बाईने केला. मी इतकी वर्षं लंडनमध्ये राहते. मुलं लहान असताना नॉटिंग हिलचा कार्निव्हल दोनदा पाहिला. पण हे नाव कधी ऐकलं नव्हतं. जरा लाजच वाटली. मग लायब्ररी गाठली, आणि जे वाचलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

क्लॉडियाचा जन्म २१ फेब्रुवारी १९१५ चा, त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीतल्या बेलमॉंट भागातला. जन्माचं आडनाव कंबरबॅच, जोन्स हे तिने पुढे घेतलेलं नाव. वयाने ती माझ्या आजीच्या पिढीतली, पण तिच्याबद्दल लिहिताना ‘त्या’ काही येत नाही, ‘ती’च येतं. तर चालवून घ्या.

त्रिनिदाद म्हणजे कार्निव्हल हे समीकरण कसं झालं, ते आधी सांगायला हवं. गोव्याचा कार्निव्हल ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना असेल. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ असतो. तो सुरू होण्याआधी खाऊन-पिऊन, नाचून घ्यायचे हे दिवस. त्रिनिदादमध्ये ही प्रथा फ्रेंच मळेवाल्यांनी आणली. ते मुखवटे घालून आपापल्या वाड्यांत नाच करत. गुलामांना त्यात जागा नव्हती. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये ती माणसं खऱ्या अर्थाने सुटली. मग त्यांनी हा सण रस्त्यावर आणला आणि आपला करून टाकला. मालकांची नक्कल करायची, उसाच्या मळ्यांना आग लागली की आपल्याला कसं हाकलत नेत, त्याचं मशाली घेऊन सोंग काढायचं. सरकारला ते रुचलं नाही. १८८१ साली पोलिसांशी मोठी चकमक झाली. १८८४ मध्ये ढोलांवर बंदी आली. लोकांनी काय करावं? बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले आणि शेवटी तेलाची पिंपं ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले. तेच आजचं स्टीलपॅन. सोबत कॅलिप्सो गाणी, म्हणजे गावातल्या भानगडी आणि सरकारच्या चुका चालीवर गाऊन सांगायच्या. आपल्या तमाशातल्या बतावणीची आठवण यावी असा प्रकार. आणि हो, १८४५ पासून मळ्यांवर कामाला नेलेल्या आपल्या लोकांचा ताशाही त्या बेटावर पोचला. आजही तिथे त्याला ‘तासा’च म्हणतात.

सांगायचा मुद्दा असा, की क्लॉडिया ज्या मातीत जन्मली तिथे सण आणि स्वाभिमान या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

पण त्या मातीत ती फार दिवस राहिली नाही. कोकोचे भाव कोसळले, घरची परिस्थिती ओढग्रस्तीची झाली. आईवडील आधी न्यूयॉर्कला गेले आणि १९२४ साली मुलीही त्यांच्यामागे हार्लेममध्ये आल्या. क्लॉडिया तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. अमेरिकेत आल्यावर सुख लागलं असं नाही. आई कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर राबायची, आणि क्लॉडिया लहान असतानाच वारली. वय सदतीस. अंधाऱ्या, ओलसर घरात राहून क्लॉडियाला सतराव्या वर्षी क्षय झाला आणि ती जवळजवळ वर्षभर सॅनेटोरियममध्ये पडून होती. फुप्फुसं जन्मभरासाठी अधू झाली. हुशार मुलगी, शाळा पूर्ण केली, पण पदवीदान समारंभाला जायला साजेसा पोशाख नव्हता म्हणून घरीच राहिली. पुढे लॉंड्रीत, कारखान्यात, दुकानात मिळेल ते काम केलं.

त्याच काळात अमेरिकेत स्कॉट्सबरो खटला गाजत होता. अलाबामा राज्यात नऊ काळ्या मुलांवर बलात्काराचा खोटा आळ घेऊन बहुतेकांना फाशीची शिक्षा सुनावली होती. त्यांच्या बाजूने जे हिरिरीने उभे राहिले त्यांत कम्युनिस्ट पुढे होते. ते पाहून क्लॉडिया १९३६ साली तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत गेली. तिचं राजकारण तुम्हा-आम्हाला पटो न पटो, ते लपवून तिची गोष्ट सांगता येणार नाही. ती लिहायची, भाषणं द्यायची. काळी बाई ही वंशाने, बाईपणाने आणि मजुरीने अशी तीन बाजूंनी भरडली जाते, आणि हे तिच्या पुरोगामी सोबत्यांनाही दिसत नाही, असं तिने १९४९ साली एका दीर्घ लेखात ठणकावून मांडलं. आज विद्यापीठांतून यावर पुस्तकं निघतात. तेव्हा ते ऐकायला फारसं कुणी तयार नव्हतं.

तो काळ अमेरिकेत कम्युनिस्टांच्या धरपकडीचा. १९४८ पासून तिला पुन्हा पुन्हा अटक झाली. शेवटी एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. हृदयविकार जडलेला असतानाच ती १९५५ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या तुरुंगात गेली. सुटली ती हद्दपारीचा हुकूम घेऊनच. अमेरिकेचं नागरिकत्व तिला कधी मिळालंच नव्हतं. जायचं कुठे? त्रिनिदादच्या ब्रिटिश गव्हर्नरला ही बाई आपल्या बेटावर नको होती. त्रिनिदाद ब्रिटिश वसाहत, म्हणून ती ब्रिटिश प्रजा, या हिशेबाने तिला इंग्लंडला पाठवण्यात आलं. डिसेंबर १९५५ मध्ये ती लंडनला आली. वय चाळीस, अधू हृदय, अधू फुप्फुसं, आणि ओळखीचं म्हणावं असं फारसं कुणी नाही.

आपल्यापैकी जे हिवाळ्यात पहिल्यांदा हीथ्रोवर उतरलेत त्यांना तो राखाडी उजेड आठवत असेल. आपण निदान स्वतःच्या मर्जीने आलो होतो!

त्या वेळच्या लंडनमध्ये वेस्ट इंडियन माणसं दर महिन्याला बोटींनी येत होती. जून १९४८ मध्ये टिलबरीला लागलेली एम्पायर विंडरश ही बोट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. युद्धानंतर इथे माणसं हवी होती, बससाठी, रेल्वेसाठी, हॉस्पिटलांसाठी. काम मिळायचं, खोली मिळायची नाही. बँका घरासाठी कर्ज देत नसत. मग या लोकांनी काय केलं? भिशी! हो, अगदी आपलीच भिशी. त्रिनिदादचे लोक तिला सूसू म्हणतात, जमैकाचे पार्डनर. दर आठवड्याला सगळ्यांनी ठरावीक रक्कम टाकायची आणि आळीपाळीने एकेकाने गड्डी उचलायची. त्यातून किती तरी जणांनी पहिल्या घराचे पैसे उभे केले. मैत्रिणीने हे सांगितलं तेव्हा मी तिला आमच्या गिरगावातल्या बायकांची भिशी समजावून सांगितली, आणि आम्ही दोघी बराच वेळ हसत बसलो.

पण एक गोष्ट त्यांच्यात आपल्यासारखीच होती, ती म्हणजे आपापले कंपू. जमैकाचे वेगळे, बार्बाडोसचे वेगळे, त्रिनिदादचे वेगळे. (आपल्याकडे पुणे-मुंबई-नागपूर चालतं, तसंच.) बेटांमध्ये शेकडो मैलांचं अंतर, कित्येकांनी एकमेकांची बेटं पाहिलेलीही नव्हती. लंडनच्या रस्त्यावर मात्र सगळ्यांना एकच नाव, एकच वागणूक. या सगळ्यांना एकत्र बोलतं करायचं तर आपलं वर्तमानपत्र हवं, हे क्लॉडियाने ओळखलं. इथल्या कम्युनिस्ट पक्षाने तिला म्हणावं तसं काम दिलं नव्हतंच. मार्च १९५८ मध्ये ब्रिक्स्टन रोडवर एका रेकॉर्डच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिने ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे मासिक पत्र सुरू केलं. पुढे त्याच्या नावात आफ्रिकी, आशियाई लोकांचाही उल्लेख आला. या कामात तिचे निकटचे साथी होते अभिमन्यू मनचंदा, मूळचे भारतातले. म्हणजे आपल्याकडचा एक माणूस त्या कचेरीत रात्ररात्र बसत होता. पैशांची सदा चणचण. बातम्या, बेटांवरचं राजकारण, कथा-कविता, सगळं त्यात असायचं. धमकीची पत्रंही यायची.

पत्र सुरू होऊन सहा महिने होत नाहीत तोच दंगली पेटल्या. ऑगस्ट १९५८ मध्ये आधी नॉटिंगहॅमला आणि महिनाअखेरीला लंडनच्या नॉटिंग हिल भागात. गोऱ्या पोरांची टोळकी लोखंडी गज, सायकलच्या साखळ्या घेऊन रात्री काळ्या माणसांच्या घरांवर चालून जात. बाटल्या, पेट्रोल बॉम्ब. आठवडाभर हे चाललं. काळ्या माणसांनीही शेवटी दारं लावून प्रतिकार केला. शंभराहून जास्त लोकांवर खटले भरले गेले, त्यांत गोरे होते तसे काळेही होते. आज नॉटिंग हिल म्हटलं की महागडे कॅफे आणि तो ह्यू ग्रांटचा सिनेमा आठवतो. तेव्हा तिथे संध्याकाळी कामावरून परतताना माणसं मुठीत जीव घेऊन चालत.

दंगली थांबल्या, पण धसका राहिला. त्या हिवाळ्यात काय करावं याची चर्चा करायला लोक क्लॉडियाकडे जमले. तोंडात राहिलेली ही कडू चव घालवायची कशी, असा प्रश्न होता. कुणीतरी कार्निव्हल करावा असं सुचवलं आणि सगळे हसले. बरोबरच आहे, कार्निव्हल म्हणजे उन्हात, रस्त्यावर! लंडनच्या थंडीत पिसांचे कपडे घालून कोण नाचणार? हसली नाही ती क्लॉडिया. हॉल घेऊन का करू नये, असं तिने विचारलं. झालं, ठरलं.

३० जानेवारी १९५९. सेंट पॅंक्रास टाउन हॉल. बाहेर कडाक्याची थंडी, आत स्टीलपॅन, कॅलिप्सो, रंगीबेरंगी पोशाख. त्रिनिदादचे गायक-अभिनेते एड्रिक कॉनर दिग्दर्शनाला. क्लिओ लेन गायला. बॉस्को होल्डर यांचा नृत्यसंच. शेवटी सगळ्यांनी मिळून नाचायचं. बीबीसीने तो टेलिव्हिजनवर दाखवला, म्हणजे ज्यांच्या शेजारी ही माणसं नको होती त्यांच्या दिवाणखान्यात ती नाचत-गात पोचली. एक सौंदर्यस्पर्धाही होती. आजच्या मुलींना ती खटकेल, मलाही आधी खटकली. पण जिथे सुंदर म्हणजे गोरी हे गृहीतच धरलेलं होतं, तिथे काळ्या मुलीच्या डोक्यावर मुकुट ठेवणं यात काय होतं, ते रंगावरून बोलणी खाल्लेल्या आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. कार्यक्रमाची स्मरणिका काढली होती, आपण काढतो तशीच. तिच्या विक्रीतला काही भाग दंगलीच्या खटल्यांत दंड झालेल्या तरुणांचे दंड भरण्यासाठी होता. आणि त्या स्मरणिकेत स्पष्ट लिहिलं होतं की हे तरुण काळेही आहेत आणि गोरेही.

मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. गोरेही? मला ते पटकन गळी उतरेना. आपल्या घरावर दगड मारणाऱ्यांच्या जमातीतल्या पोरांसाठी आपल्या सणाचे पैसे? माझ्याने झालं नसतं, प्रामाणिकपणे सांगते. मग हळूहळू उमगलं असं वाटतं. ही पोरं गरीब मोहल्ल्यांतली, त्यांची माथी भडकवणारे वेगळेच होते, असं क्लॉडिया मानत होती. आणि याच शहरात त्यांच्याच शेजारी राहायचं आहे, हेही तिने मनाशी पक्कं केलं होतं. सण करून ती घाबरलेल्या लोकांना ताठ उभं करत होती, आणि त्याच सणाने शेजाऱ्याकडे हातही पुढे करत होती.

पण म्हणून सगळं गोड झालं असं नाही. त्याच वर्षी १७ मे ला, म्हणजे साडेतीन महिन्यांनी, नॉटिंग हिलमध्ये केल्सो कॉक्रेन या अँटिग्वाच्या सुताराला गोऱ्या पोरांनी भोसकून मारलं. त्याच्या अंत्ययात्रेला हजारावर लोक आले, काळे आणि गोरे. ते सगळं घडवून आणण्यात क्लॉडियाही होती. हे वाचताना वाटतं, मग त्या कार्निव्हलने साधलं काय? मला वाटतं, जानेवारीत एका हॉलमध्ये एकत्र नाचलेली माणसं जूनमध्ये एका शवपेटीमागे एकत्र चालली, हेच साधलं. ओळखी आधी झालेल्या होत्या.

कार्निव्हल मग दरवर्षी होत राहिला, कधी सीमोर हॉल, कधी लायसियम. मधल्या काळात बेटांचं एकत्र राज्य करण्याचा प्रयत्न झाला, १९५८ साली झालेलं ते वेस्ट इंडीज संघराज्य १९६२ मध्ये मोडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमैका आणि त्रिनिदाद वेगवेगळे स्वतंत्र झाले. तिकडे राज्य फुटलं, इकडे भाड्याच्या हॉलमध्ये मात्र सगळी बेटं एकत्र नाचत होती! १९६२ सालीच इथे राष्ट्रकुलातल्या लोकांच्या येण्यावर बंधनं घालणारा कायदा आला. क्लॉडियाने त्याविरुद्ध जोरदार मोहीम केली. आपल्या मंडळातले जे जुने काका-काकू त्या कायद्याच्या आधी घाईघाईने बोट पकडून आले, त्यांना ते दिवस चांगले आठवतात. तो कायदा जितका जमैकाच्या लोकांविरुद्ध होता तितकाच आपल्याविरुद्धही होता. तिची लढाई आपलीही होती, फक्त आपल्याला तिचं नाव ठाऊक नव्हतं.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचा मोर्चा निघाला, तेव्हा त्याला पाठिंबा म्हणून लंडनमध्ये अमेरिकन वकिलातीवर मोर्चा नेण्यात ती पुढे होती. १९६४ मध्ये जपान आणि चीनचा दौरा करून आली. शरीर मात्र थकलं होतं. २४ डिसेंबर १९६४ च्या रात्री, सगळं शहर ख्रिसमसच्या तयारीत असताना, ती आपल्या फ्लॅटमध्ये एकटीच असताना हृदयविकाराने गेली. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. तिच्यामागे गॅझेटही काही महिन्यांत बंद पडलं आणि हॉलमधला कार्निव्हलही थांबला.

नॉटिंग हिलच्या रस्त्यावरचा उत्सव १९६६ मध्ये सुरू केला तो रोन लॅस्लेट या समाजकार्यकर्तीने. तो वेगळा प्रयत्न होता. त्यामुळे क्लॉडियाला त्याची आई म्हणावं की नाही यावर वाद आहेत. मला त्या वादात पडायचं नाही. लंडनमध्ये कॅरिबियन माणसाने मान वर करून आपला सण साजरा करायचा, ही वाट तिने घालून दिली, एवढं मला पुरे आहे. आज ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला दोन दिवसांत लाखो लोक तिथे नाचतात. २००८ साली तिच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं, २०२३ मध्ये वॉक्सहॉलमधल्या तिच्या जुन्या घरावर निळी पाटी लागली.

गेल्या उन्हाळ्यात तिकीट काढून हायगेटच्या दफनभूमीत जाऊन आले. कार्ल मार्क्सच्या भल्यामोठ्या डोक्याच्या पुतळ्याच्या डाव्या हाताला तिची लहानशी शिळा आहे. तीही १९८४ मध्ये बसवलेली. लोक मार्क्सबरोबर फोटो काढत होते. मला फोटो काढावासा वाटला नाही. बागेतली चार झेंडूची फुलं नेली होती, ती ठेवली. तिचा धर्म, तिची रीत मला माहीत नाही. पण सणाच्या बाईला झेंडू चालेल असं वाटलं.

हॉलच्या भाड्याचं पुढे काय झालं? पुढच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला. भाडं वाढलं तरी गणपती हॉलमध्येच करू, असं म्हटलं. आणि स्मरणिकेच्या जाहिरातींतून जे उरेल त्यातला काही भाग आपल्या भागातल्या अडचणीत असलेल्या कुटुंबांना देऊ, ती मराठी असोत नसोत, असंही म्हटलं. पहिला ठराव दोन मतांनी पास झाला. दुसरा पुढच्या मीटिंगसाठी ठेवलाय. आपली मंडळी आहेत, चर्चा तर होणारच! ज्यांना हे पटतंय त्यांनी त्या दिवशी जरूर यावं. वडे आहेतच.

आणि कधी किंग्ज क्रॉसला गाडी बदलायला उतरलात तर पाच मिनिटं काढा. सेंट पॅंक्रास स्टेशनसमोर रस्त्याच्या पलीकडे एक जुनी, दगडी, सरकारी थाटाची इमारत आहे. आता तिला कॅम्डेन टाउन हॉल म्हणतात. तीच ती जागा.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!